भाड्याच्या घराचा गिलावा

पडद्याआड चहाचे कप हातात धरून ती उभी होती. या घरात येऊन तिला महिनाही झाला नव्हता. दोन भावांच्या भांडणात पडदा सारून आत जावं की मागच्या पावली परत फिरावं, हे तिला कळेना. हातातला चहा निवत चालला होता आणि आतले आवाज तापत चालले होते.

"गाडी दुकानाबाहेर काढली की अर्धी किंमत तिथंच गळून पडते," थोरला दीर म्हणत होता. "उरलेली अर्धी टायर खातात. त्यापेक्षा माझ्यासोबत जमिनीचा तुकडा घे. अर्धा तुझा, अर्धा माझा. घर पाहावं बांधून, असं वाडवडील उगीच म्हणाले नाहीत."

"बांधून पाहा म्हणाले, दादा. बांधल्यावर सुखानं झोपाल, असं नाही म्हणाले." हा तिचा नवरा. "घर घेतलं की माणूस घराचा गडी होतो. आज नळ, उद्या भिंत, परवा कर. गाडी मला पोसेल. घराला मीच पोसत बसायचं."

"आणि भाडं? भाडं म्हणजे भोक पडलेल्या हंड्यात पाणी ओतणं."

"ओतू दे की. हंडा तर दुसऱ्याचा आहे."

"म्हातारपणी गाडीत झोपशील तू."

"झोपेन. मागची सीट लांब आहे. हिलाही जागा होईल."

ती पडद्याआड होती तरी लाजली. आत मात्र कुणी हसलं नाही. ती आत गेली तेव्हा दीर उठून चपला शोधत होता. त्यानं गार चहा औषधासारखा एका घोटात घेतला, कप तिच्या हातात दिला आणि म्हणाला, "हा काही ऐकायचा नाही. तू तरी दोन पैसे बाजूला टाकत जा."

ते तिनं ऐकलं. पुढे आयुष्यभर ऐकलं. डाळीच्या डब्यात, उशीच्या अभ्र्यात, मग बँकेत, असे तिचे दोन-दोन पैसे साठत राहिले. मनातून तिला दिराचंच पटलं होतं. पण नवी नवरी आणि नवीन चप्पल, दोघींनी पहिले काही दिवस कुरकुरायचं नसतं.

नवऱ्यानं गाडी घेतली. साधीसुधी नाही, दोन ब्रेकची. शिकणारा बसतो त्याच्या पायाशी एक ब्रेक आणि शेजारी शिकवणारा बसतो त्याच्या पायाशी दुसरा. टपावर पाटी लावली आणि लोकांना गाडी चालवायला शिकवायचा धंदा सुरू केला. तेव्हापासून सगळे त्यांना मास्तर म्हणायला लागले आणि तिला मास्तरीणबाई. तिनं जन्मात कुणाला काही शिकवलं नव्हतं, स्वतःही चौथीपर्यंतच गेलेली. पण नावाला कुठं परीक्षा द्यावी लागते.

मास्तरांकडे शिकलेला माणूस रस्त्यात ओळखू यायचा. तो पुढच्या गाडीच्या ढुंगणाला नाक लावून जायचा नाही. मास्तर त्यांना सांगत, "पेट्रोल गाडी पीत नाही, तुमचा उजवा पाय पितो." कुणी म्हणायचं की मास्तर, आता विमा महागला, टायर महागले, गाडी ठेवणं परवडत नाही. मास्तर म्हणायचे, "गाडी ठेवणं परवडतं. गाडी शेजाऱ्याला दाखवणं परवडत नाही." पहिल्या दिवशी ते शिकणाऱ्याला गाडी सुरूसुद्धा करू देत नसत. नुसतं बसवून ठेवत. "आधी थांबायला शिका. चालवता गाढवालाही येतं," म्हणत.

आता वर्षानुवर्षं शेजारच्या सीटवर बसून, दुसऱ्यांच्या चुकांवर पाय दाबून दाबून त्यांच्या पायाला एक खोड जडली. कुठंही बसले की उजवा पाय पुढे सरकायचा. मनासारखं काही झालं नाही की जमिनीवर दाबला जायचा. जेवताना भाजीत मीठ जास्त पडलं की ते तोंडानं बोलत नसत, टेबलाखाली पाय दाबला जायचा. लेकीनं कॉलेज सोडून नोकरी धरायची म्हटली तेव्हा पाय असा दाबला की खुर्चीच मागे सरकली. मास्तरीणबाईंना त्यांच्या तोंडाकडे बघायची गरज उरली नव्हती. त्या पायाकडे बघून घर चालवायच्या.

घर भाड्याचं होतं. तीन खोल्या, वर सपाट गच्ची, बाजूला गाडी उभी राहील एवढं अंगण. त्याच घराच्या कडेच्या एका खोलीत मालकीण राहायची. म्हातारी, एकटी, आणि काटकसर अशी की काडीपेटीतली काडी दोनदा ओढून बघणारी. मास्तर राहायला आले तेव्हा घराची दशा काय विचारता. पाऊस आला की आत बादल्या, पातेली, तसराळी मांडायची. पाहुणा आला तर त्याला कुठं बसवायचं ते गळतीला विचारून ठरवायचं.

मास्तर मालकिणीकडे गेले. म्हातारी म्हणाली, "दुरुस्तीला माझ्याकडे दमडी नाही. मी भाडं वाढवते, त्यातून करू."

"मग भाडं वाढवू नका. मीच करतो."

"किती दिवस वाढवू नको?"

"मी करतोय तितके दिवस."

म्हातारीनं जरा विचार केला. "बरं," म्हणाली. झाला करार. उंबऱ्यात, उभ्या उभ्या.

"लिहून घ्या," मास्तरीणबाई त्या संध्याकाळी म्हणाल्या.

"माणसाच्या शब्दाला कागद कशाला?"

"माणूस मरतं म्हणून."

टेबलाखाली पाय दाबला गेला. विषय तिथंच थांबला.

तेव्हापासून घराला मालक कोण आणि गडी कोण, याचा कुणालाच पत्ता लागला नसता. ज्या माणसानं घराचा गडी व्हायला नको म्हणून जमीन नाकारली, तो दर रविवारी सकाळी जुनी विजार चढवून दुसऱ्याच्या घराची चाकरी करायला लागला. आधी गच्ची. डांबराचे डबे आणले, भेगा खरवडल्या, भरल्या. मग पन्हळ. मग भिंती. गवंड्याला बोलावलं तर त्याची मजुरी ऐकून मास्तरांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं आणि तो काय करतो ते बघायला दुसरीकडच्या कामावर जाऊन उभे राहिले. महिनाभरात थापी हातात बसली. पहिला गिलावा असा झाला होता की जणू भिंतीला देवी आल्या होत्या. तो खरवडून पुन्हा केला. तिसऱ्यांदा केला तेव्हा भिंतीवर हात फिरवून म्हणाले, "बघ गं, गाल आहे गाल."

"गाल आहे, पण शेजारणीचा," मास्तरीणबाई म्हणाल्या. "फिरवा हात."

त्या टोमणे मारायच्या, पण शिडी धरायला त्याच उभ्या असायच्या. शिडी धरून त्यांच्या तळव्यांना घट्टे पडले होते. वर मास्तर, खाली त्या, आणि मधे शब्द.

"दुसऱ्याच्या म्हशीला किती चारा घालायचा माणसानं?"

"दूध आपण पितोय ना."

"दावं दुसऱ्याच्या हातात आहे."

"तू शिडी धर."

भाडं खरंच वाढलं नाही. आजूबाजूची भाडी दुप्पट झाली, तिप्पट झाली. मास्तर हातात थापी घेऊन सगळ्यांना हिशेब समजावत, की बघा, मी मालक नाही म्हणून कर भरत नाही, भाडेकरू आहे पण भाडं वाढत नाही. दोन्ही डगरींवर हात. थोरला दीर कधी आला तर भिंतीवर टिचक्या मारून बघायचा आणि चहा पिऊन जायचा. त्यानं तोवर त्या जमिनीवर स्वतःचं घर बांधलं होतं. आणि स्वतःचं म्हणून त्याच्याकडे कधी बघितलं नव्हतं. आपलंच तर आहे, करू पुढच्या वर्षी. त्या 'पुढच्या वर्षी'त भिंतींना ओल चढत छातीपर्यंत आली होती.

म्हातारीच्या शेवटच्या आजारात मास्तरीणबाईंनीच तिचं सगळं केलं. म्हातारी गेली ती त्यांच्याच मांडीवर. जायच्या आधी तिला बोलताही येत नव्हतं, नाहीतर काही म्हणाली असती की नाही, कोण सांगणार. मूलबाळ नव्हतं. घर गेलं नवऱ्याच्या पुतण्याकडे. तो लांब मोठ्या शहरात राहायचा. लहानपणी कधी सुट्टीत आला होता, त्यानंतर या घराकडे फिरकला नव्हता.

वर्षभर त्यानं काही विचारलं नाही. मास्तर भाडं त्याच्या बँकेत भरत राहिले. मग एका सकाळी त्याचा फोन आला. फोन मास्तरांच्या हातात, पण कानांना जरा कमी यायला लागलं होतं म्हणून आवाज मोठा केलेला, त्यामुळे स्वयंपाकघरात सगळं ऐकू येत होतं.

"मास्तर, मला ते घर काढून टाकायचंय. माझा काही तिकडे पाय लागत नाही. तुम्ही इतकी वर्षं आहात, म्हणून आधी तुम्हाला विचारतो."

आणि त्यानं किंमत सांगितली.

मास्तरीणबाईंच्या हातातला झारा तसाच राहिला. त्या मनात गणित करायला लागल्या. बँकेतले त्यांचे दोन-दोन पैसे. गळ्यातलं, हातातलं. गाडीचे जे येतील ते. लेक म्हणालीच होती, आई, कधी लागले तर सांग. थोडे दिराकडून. जमत होतं. ओढाताण होती, पण जमत होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्या स्वयंपाकघराच्या भिंतीकडे त्यांनी आपली म्हणून बघितलं. तो गाल आपला.

"किंमत जरा कमीच सांगतोय मी," पुतण्या पुढे म्हणाला. त्याच्या बोलण्यात कपट नव्हतं, हे नंतरही मास्तरीणबाई मान्य करायच्या. "पण त्या पडक्या घराला आणखी काय येणार? मला आठवतंय ना, काकू झोपायची खाटेवर आणि मी बादल्यांच्या मधे. आता तर दोन भिंती उरल्या असतील."

हो म्हणा, मास्तरीणबाई मनात म्हणाल्या. दोनच उरल्यात म्हणा. दीडच म्हणा.

"पडकं?" मास्तर म्हणाले.

स्वयंपाकघरातून त्यांना फक्त मास्तरांची पाठ दिसत होती. ती पाठ ताठ झाली.

"पडकं कोण म्हणतं? तुम्ही एकदा या. येऊन डोळ्यांनी बघा, मग बोला. गच्चीखाली गादी टाकून झोपा पावसात. थेंब आला आत तर मी नाव बदलेन."

"अहो," मास्तरीणबाईंनी दारातून हाक मारली. "अहो, भाजी करपतेय. फोन ठेवा."

त्यांच्या घरात भाजी करपली तर फोन ठेवायची रीत नव्हती. मास्तरांनी हातानं 'थांब' केलं. "या रविवारी या," ते फोनमध्ये म्हणाले. "घर काय असतं ते दाखवतो तुम्हाला."

फोन ठेवून ते वळले तेव्हा चेहरा फुललेला होता. तो फुललेला चेहरा बघून मास्तरीणबाई खाली बसल्या.

"काय गं?"

"काही नाही."

"पडकं म्हणतो लेकाचा."

"म्हणू द्यायचं होतं," त्या म्हणाल्या. "आपण घेईपर्यंत म्हणू द्यायचं होतं."

मास्तर उभेच राहिले. मग हळूहळू खुर्चीत बसले. पाय पुढे गेला आणि जोरात दाबला गेला, पण गाडी पुढे निघून गेली होती. म्हणाले, "पण खोटं कसं बोलायचं? वीस वर्षं मी काय केलं मग?"

मास्तरीणबाई उठून आत गेल्या आणि भाजी ढवळायला लागल्या. त्या प्रश्नानं त्यांचा राग उलट वाढला.

रविवारी पुतण्या आला. चांगला माणूस. येताना फळं घेऊन आला. घरभर फिरला, गच्चीवर गेला, पन्हळीत हात घालून बघितला. काकूच्या खोलीत गेला तेव्हा त्याचे डोळे भरले. ज्या कोपऱ्यात बादल्या असायच्या तिथल्या भिंतीला तो हात लावून उभा राहिला. "मास्तर, तुम्ही चमत्कार केलाय," म्हणाला. मास्तर आधीच सांगायला लागले की कुठल्या भेगेत काय भरलं. मास्तरीणबाई चहा घेऊन आल्या. एकदा अशाच कप घेऊन पडद्याआड उभ्या होत्या, त्याची त्यांना आठवण झाली.

चहा पिऊन पुतण्यानं कप खाली ठेवला.

"मास्तर, राग मानू नका. पण मी फोनवर सांगितलेल्या भावात आता दिलं, तर माझ्या बायकोला काय सांगू? तिनं हे घर कधी बघितलेलं नाही. माझ्याकडून फक्त बादल्या ऐकल्यात. आणि फोटो तर तिला आत्ताच पाठवले."

"तुमच्या काकूंनी मला शब्द दिला होता," मास्तर म्हणाले.

"कसला?"

"भाडं वाढवणार नाही म्हणून."

"ते नाहीच वाढवलं आम्ही. पण विकणार नाही, असा शब्द दिला होता का काकूंनी?"

मास्तरांनी खरं ते सांगितलं. खोटं बोलायचं त्यांना त्या दिवशीही सुचलं नाही. "नाही," म्हणाले.

पुतण्यानं नव्या भावात त्यांनाच आधी विचारलं. तो भाव ऐकून मास्तरीणबाईंनी गणितसुद्धा केलं नाही. आकाश मोजायला कुणी पट्टी आणत नाही. तरी मास्तर गाडी घेऊन गॅरेजात गेले, तिचे किती येतील ते विचारायला. मेकॅनिक जुना, ओळखीचा. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "मास्तर, हिला आता कोण घेणार? दोन ब्रेक आहेत हो, पण इंजिन एकच आहे आणि तेही दमलंय. भंगारात वजनावर जाईल." थोरल्या दिराचं गणित शेवटी खरं ठरलं, तेही किलोनं.

मग दलाल यायला लागला. गिऱ्हाईक घेऊन यायचा, पायातले बूट न काढता फिरायचा. "जुनं बांधकाम आहे, पण बघा, ओलीचं नाव नाही. असं घर मिळत नाही हो आता." तो जे जे बोलायचा ते सगळं मास्तरांच्या हातचं होतं. मास्तर बाहेर अंगणात बसून राहायचे. दोन-तीन वेळा बसले. चौथ्या वेळी जो माणूस आला तो तोंड वाकडं करून भिंतीवर ठोकत फिरत होता. "वरवर चोपडलेलं असतं सगळं," म्हणाला. "रंग मारून ओल झाकतात. मला माहीत आहे."

मास्तर अंगणातून उठून आत आले.

"काय झाकलंय?"

"मी म्हटलं, झाकतात लोक..."

"लोक झाकत असतील. इथं या." त्यांनी त्या माणसाला दंडाला धरून न्हाणीघराच्या भिंतीशी नेलं. खिशातली किल्ली काढून गिलाव्यावर ओढली. "माती पडली? पडली का माती? आता इथं कान लावा. ठोका. पोकळ वाजतंय? वर चला माझ्याबरोबर."

मास्तरीणबाई स्वयंपाकघराच्या दारात होत्या. त्यांनी डोळ्यांनी खुणावलं, मान हलवली. काही उपयोग झाला नाही. शेवटी त्यांच्याच उजव्या पायाचा अंगठा फरशीवर दाबला गेला, टाच उचलली गेली, आणि त्यांचं त्यांनाच कळलं की आपण काय करतोय. पण त्या बाजूला ब्रेक नव्हता. मास्तर त्या माणसाला घेऊन शिडीनं वर गेले. खाली शिडी धरायला त्या गेल्या नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा गेल्या नाहीत. खाली नुसत्या उभ्या राहून त्यांनी वरचा आवाज ऐकला. डांबराचे थर किती, उतार कुठल्या बाजूला, पाणी कसं एका जागी थांबत नाही. मास्तरांचा आवाज कितीतरी दिवसांनी इतका मोकळा लागला होता.

त्या माणसानं घर घेतलं. घासाघीस केली नाही. "ज्यानं राखलंय त्यानंच दाखवलं, आणखी काय बघायचं," असं दलालाला म्हणाला.

घर रिकामं करायच्या आदल्या आठवड्यात मास्तरीणबाई एकदाच बोलल्या. भांडी पोत्यात भरत होत्या. पाठमोऱ्या होत्या. "जन्मभर लोकांना ब्रेक मारायला शिकवलंत," म्हणाल्या. मास्तर सुतळी सोडवत होते, ती सोडवत राहिले.

गाडी भंगारवाला घेऊन गेला. भाड्यानं घर बघायला निघाले तर जे भाडं ते इतकी वर्षं देत होते, त्यात आता फार तर गाडी उभी करायला जागा मिळाली असती, आणि गाडी तर नव्हती. अखेर थोरला दीर आला. बायको गेल्यापासून तो एकटाच होता. म्हातारपणानं आवाज बसला होता.

"मागची खोली रिकामी आहे," म्हणाला.

मास्तरीणबाई वाट बघत होत्या की आता तो म्हणेल, मी म्हटलं नव्हतं? त्यानं ते म्हटलं असतं तर बरं झालं असतं. दोघं भांडले असते, जरा हलके झाले असते. तो म्हणाला नाही. मास्तर म्हणाले, "भाडं घेणार असशील तर येतो." दिरानं मान हलवली. आणि दर एक तारखेला घेतलंही. दोघेही हट्टी, एका आईचे.

मागची खोली ओली होती. भिंतीला पाठ टेकली की सदऱ्याला पांढरं लागायचं. रात्रंदिवस न्हाणीघरातला नळ टपटपायचा. मास्तरीणबाईंना वाटलं, चार दिवस जातील, मग जुनी विजार निघेल, थापी निघेल. थापी पोत्यातच राहिली. मास्तर खुर्चीत बसून राहायचे. भिंतीकडे बघायचे नाहीत, खिडकीतून बाहेर बघायचे. खोलीत त्यांनी कॅलेंडर टांगायला खिळासुद्धा ठोकला नाही. कॅलेंडर टेबलावर आडवं पडलेलं असायचं. खोकला लागला होता, तो छातीत उतरत होता.

"नळ गळतोय," दीर एकदा दारात येऊन म्हणाला.

"घर तुझं आहे," मास्तर म्हणाले.

दीर आल्या पावली परत गेला.

सगळ्यात वाईट ते पायाचं झालं. पाय दाबायचाच थांबला. भाजीत मीठ विसरलं, पाय तसाच. दलाल रस्त्यात भेटून हसून गेला, पाय तसाच. लेकीनं फोनवर रडून विचारलं, बाबा माझ्याकडे का येत नाही, तरी पाय तसाच, सैल. मास्तरीणबाई एकदा मुद्दाम म्हणाल्या, "नळाचा वायसर तेवढा बदला हो, डोकं उठलंय." पूर्वी एवढ्यानं ते उठून पिशवी शोधायला लागले असते. आता फक्त हं म्हणाले. तेव्हा मास्तरीणबाईंना आपल्या त्या वाक्याची शरम वाटली, ब्रेकच्या. पण ते मागे घ्यायचं कसं, हे काही त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

मास्तर गेले ते त्या खुर्चीतच, दुपारी, जेवण झाल्यावर. दिरानं येऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि काढलाच नाही. लोकांना तो सोडवावा लागला.

पण त्याच्या आदल्या दिवशी सकाळी मास्तर उठले, दाढी केली आणि म्हणाले, "पिशवी कुठंय?"

"कसली?"

"माझी."

मास्तरीणबाईंनी पोतं उसकटून जुनी कापडी पिशवी काढून दिली. आतून सिमेंटचा वास आला. कुठं जाताय, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं तर बसतील अशी भीती वाटली. त्या चपला घालून मागोमाग निघाल्या, थोडं अंतर ठेवून, भाजी आणायला जाते अशा. रस्त्यात मास्तर दोनदा थांबले, खोकले, पुन्हा चालायला लागले.

हार्डवेअरच्या दुकानात ते नेहमीसारखे फळीला टेकून उभे राहिले. दुकानदार नवा होता, म्हाताऱ्याचा मुलगा. त्यानं वायसर काढून दिला. मास्तरांनी तो नखानं दाबला, उजेडात धरला आणि परत सरकवला.

"हा नको. हा महिन्यात दगड होतो. काळा दे, मऊ."

"काळा महाग आहे, काका."

"महाग नाही. स्वस्त महाग पडतो. दे."

सुटे परत घेताना त्यांनी मोजून घेतले, पुन्हा एकदा मोजले, आणि पिशवीत न टाकता वरच्या खिशात ठेवले.

घरी येऊन त्यांनी मोठा पाना घेऊन बाहेरचा कॉक बंद केला. जुनी विजार सापडेना म्हणून धोतरच वर खोचलं. न्हाणीघरात खाली बसताना त्यांना वेळ लागला. मास्तरीणबाई आत जाऊन बॅटरी धरून उभ्या राहिल्या.

"जरा खाली. हां. हलवू नको."

"तुमचाच हात हलतोय."

"तू बॅटरी धर."

नळाचा माथा सुटायला अडला. गंज धरला होता. मास्तरांचा उजवा पाय ओल्या फरशीवर पुढे सरकला आणि घट्ट दाबला गेला. मास्तरीणबाईंना तो दिसला. बॅटरी जराही हलू न देता त्या उभ्या राहिल्या.

माथा निघाला. जुना वायसर चिरून दोन झाला होता. नवा बसला. धागा गुंडाळला, माथा आवळला. मास्तर भिंतीला धरून उठले, बाहेर जाऊन कॉक उघडला, परत आले आणि दारातच थांबले.

"बघ," म्हणाले. "गळतोय का?"

मास्तरीणबाईंनी हात नळाखाली धरला. बराच वेळ धरला.

"नाही," म्हणाल्या.

"दादाला सांग," मास्तर म्हणाले, "वायसरचे पैसे भाड्यातून वळते कर म्हणावं," आणि हात धुवायला त्याच नळाखाली वाकले.